प्राचीन ग्रीक गीतिकाव्य वर्गात शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साहित्याच्या पदवी-पदव्युत्तर वर्गांत ग्रीक वाङ्मयाचा भाग असला की होमर आणि शोकांतिका यांना भरपूर तासिका मिळतात. मधली दोनशे वर्षं, म्हणजे सॅफो, आर्किलोकस, पिंडार यांची कविता, एखाद्या परिच्छेदात उरकली जाते. हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. ज्या शिक्षकांनी हा भाग हाती घेतला, किंवा घ्यायचं मनात आणलं, त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. माझा आग्रह एकच आहे: ही कविता आधी कानाला ऐकवावी, आणि जिथे ती तुटली आहे तिथे ती तुटलेलीच मुलांच्या हातात द्यावी.

ग्रीक गीतिकाव्य म्हणजे नेमकी कोणती कविता?

ढोबळमानाने इ.स.पू. ६५० ते ४५० या काळात ग्रीक बेटांवर आणि नगरांत गायली गेलेली कविता. पॅरोस बेटावरचा आर्किलोकस, स्पार्टाचा आल्कमन, लेस्बॉसचे सॅफो आणि अल्कायस, तेओसचा अनाक्रेऑन, केऑसचे सिमोनिदीस आणि त्याचा भाचा बॅकिलिदीस, थीब्जचा पिंडार ही त्यातली ठळक नावं. पुढे अलेक्झांड्रियाच्या विद्वानांनी नऊ गीतकारांची यादी पक्की केली. तिच्यात आर्किलोकस नाही, कारण त्याच्या रचना इयांबिक (बहुधा टीका-टवाळीची कविता) आणि एलिजी (द्विपदांत रचलेली कविता) या वेगळ्या प्रकारांत मोडतात. वर्गात आपण हे सगळं एकाच छत्राखाली शिकवतो. त्याला हरकत नाही, हा फरक एकदा सांगून टाकला म्हणजे झालं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट प्रसंगाची. जवळजवळ प्रत्येक रचनेला गायची एक जागा होती: पुरुषांची रात्रीची पानगोष्ठी, लग्न, देवाचा उत्सव, खेळातल्या विजेत्याचं स्वागत. एकट्याने खोलीत बसून वाचायची कविता ही नव्हे. आपल्या मुलांना हे मंगलाष्टकांवरून चटकन कळतं. शार्दूलविक्रीडितातले ते श्लोक कुणी पुस्तक उघडून वाचत बसत नाही. अक्षता हातात असतात, अंतरपाट मध्ये असतो, आणि गाणाऱ्याचा सूर चुकला तरी सगळे ‘सावधान’ची वाट बघत असतात. सॅफोची लग्नगीतं अशाच प्रसंगासाठी होती.

मला ग्रीक येत नाही. तरी शिकवू का?

जरूर शिकवा. भाषांतरावरून शिकवताना फक्त दोन पथ्यं पाळा. एक, कुठल्याही कवितेची किमान दोन भाषांतरं समोर ठेवा, म्हणजे मुलांना कळतं की समोरचा शब्द सॅफोचा नसून भाषांतरकाराचा आहे. दोन, प्रत्येक कवितेची निदान एक ओळ मूळ ग्रीकमध्ये म्हणून दाखवा.

दुसरं पथ्य वाटतं तितकं अवघड नाही. प्राचीन ग्रीकमधले थीटा, फी आणि खी हे वर्ण महाप्राण होते. म्हणजे आपले थ, फ, ख. इंग्रजीवरून ग्रीक शिकणाऱ्याला हे उच्चार मुद्दाम कमवावे लागतात, मराठी माणसाला ते जन्मापासून येतात. सॅफोच्या पहिल्या कवितेची पहिली ओळ देवनागरीत अशी लिहिता येते: ‘पॉइकिलॉथ्रॉन् आथनत् अफ्रॉदीता’. फळ्यावर लिहा, वर्गाकडून चार वेळा म्हणवून घ्या. अर्थ नंतर सांगा: ‘चित्रविचित्र सिंहासनावर बसलेल्या, मरण नसलेल्या आफ्रोदिते’. आफ्रोदिते ही प्रेमाची देवी, म्हणून या कवितेला आफ्रोदितेचं सूक्त म्हणतात.

सुरुवात कुठल्या कवितेने करावी?

बरेच जण सॅफोपासून सुरुवात करतात. मी आर्किलोकसच्या ढालीपासून करतो. चारच ओळी आहेत, आणि वर्ग पहिल्या पाच मिनिटांत बोलायला लागतो.

कुणी एक साइअन मिरवतोय माझी ढाल. झुडपापाशी टाकून आलो ती,
काही खोट नव्हती तिच्यात. मनात नव्हतं टाकायचं.
पण जीव तर वाचवला. त्या ढालीचं काय एवढं? जाऊ दे.
दुसरी घेईन, हिच्याइतकीच चांगली.

साइअन ही थ्रेसमधली एक जमात. पॅरोसच्या ग्रीकांची त्यांच्याशी लढाई चालू होती. आता ज्या मुलांनी होमर वाचला आहे त्यांना विचारा: अकिलीसने ही कविता म्हटली असती का? ‘इलियड’मध्ये अकिलीसच्या ढालीवर शंभराहून जास्त ओळी खर्ची पडल्या आहेत. देवाने घडवलेली ढाल ती. आणि इथे हा गडी म्हणतो, जाऊ दे, दुसरी घेईन. पुढच्या काळातला ग्रीक लेखक प्लूटार्क सांगतो की आर्किलोकस स्पार्टात आला तेव्हा या ओळींपायी स्पार्टावाल्यांनी त्याला तत्काळ हाकलून दिलं. स्पार्टाची आई मुलाला ढाल देताना म्हणते, ‘हिच्यासह ये, नाहीतर हिच्यावर’ ही गोष्टही प्लूटार्कनेच सांगितली आहे. दोन्ही शेजारी ठेवा.

मग घाई न करता मुलांना एकेक शब्द तपासायला लावा. ढालीला तो नावं ठेवत नाही, उलट ती निर्दोष होती म्हणतो. टाकायची इच्छा नव्हती हेही सांगतो. मग हा भित्रा आहे, की स्वतःच्या जिवाची किंमत ओळखलेला सैनिक? वर्गात दोन तट पडतात आणि ते पडू द्यावेत. या कवितेचं वृत्त एलिजीचं द्विपद आहे, म्हणजे पहिली ओळ थेट होमरच्या षट्पदीची. होमरच्या चालीवर होमरला न शोभणारी गोष्ट म्हटली आहे, हे सांगितलं की वृत्त म्हणजे केवळ आकडेमोड नसते हे पहिल्याच दिवशी कळतं.

ढालीनंतर लगेच सॅफोची सोळा क्रमांकाची कविता घ्यावी. ‘कुणी म्हणतं घोडदळ, कुणी पायदळ, कुणी आरमार, काळ्या मातीवरची सर्वांत सुंदर गोष्ट, मी म्हणते, ज्याचं ज्यावर मन जडलं ती.’ तीही युद्धाकडे बघते आणि तोंड फिरवते, पण आर्किलोकसहून अगदी वेगळ्या कारणाने. पुढे ती नवऱ्याला सोडून ट्रॉयला गेलेल्या हेलनचा दाखला देते आणि शेवटी दूर गेलेल्या अनाक्तोरियाची आठवण काढते: लिडियाच्या रथांपेक्षा तिची चाल आणि चेहऱ्यावरची चमक बघायला मिळावी. या दोन कवितांवर दोन तासिका सहज जातात, आणि त्या वाया जात नाहीत.

कविता तुकड्यांत आहेत. तुकडे शिकवायचे तरी कसे?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या मनात ‘तुकडा म्हणजे कमी प्रतीचा माल’ अशी समजूत असते. ती आधी काढून टाकावी लागते.

सॅफोच्या या ओळी बघा:

जसं गोड सफरचंद लाल होत जातं उंच फांदीवर,
उंचातल्या उंच फांदीच्या टोकाला. तोडणारे विसरले त्याला.
नाही, विसरले नाहीत. त्यांचा हात पोचला नाही.

फळ्यावर लिहा आणि विचारा, ‘यातलं उपमेय कोणतं?’ शाळेत अलंकार घोटलेली मुलं शोधू लागतात आणि त्यांना ते सापडत नाही. वाक्य ‘जसं’ने सुरू झालं आहे, ‘तसं’ कुठेच नाही. उपमान उरलं, उपमेय हरवलं. इसवी सनाच्या चौथ्या शतकातला वक्ता हिमेरियस सांगतो की सॅफोने नवरीला सफरचंदाची उपमा दिली होती. त्यावरून या ओळी लग्नगीतातल्या असाव्यात असं धरलं जातं. पण हिमेरियसचं हे म्हणणं लगेच सांगू नका. आधी मुलांना त्या रिकाम्या जागेपाशी थांबू द्या. आणि तिसऱ्या ओळीतली दुरुस्ती त्यांना स्वतःला दिसू द्या: ‘विसरले’ म्हटल्यावर लगेच ‘नाही, विसरले नाहीत’. कविता आपल्यासमोर आपलं म्हणणं बदलते. उरलेला भाग असता तर या बदलाकडे इतक्या बारकाईने कुणी पाहिलं असतं असं मला वाटत नाही.

आणखी एक सराव. मुलांना परिचित नसलेली एखादी मराठी कविता घ्या, झेरॉक्स काढा, कागद उभा फाडा आणि मधली पट्टी एका गटाला द्या. प्रत्येक ओळीची सुरुवात नाही, शेवटही नाही. गटाने कविता पूर्ण करायची, मग मूळ कवितेशी ताडून बघायची. दर वेळी एकच गोष्ट दिसते: हरवलेल्या जागी मुलं आपल्या ओळखीचं काहीतरी भरतात. जिथे कवीने विहीर लिहिली तिथे डोळे येतात, जिथे भूक होती तिथे विरह येतो. पूर्वीच्या काही संपादकांनी सॅफोच्या बाबतीत हेच केलं. हे एकदा हातांनी करून पाहिलं की छापील पुस्तकातल्या रिकाम्या जागेला मुलं मान देऊ लागतात.

पुस्तकातले चौकटी कंस, टिंबं आणि क्रमांक यांचा अर्थ काय?

चौकटी कंस म्हणजे तिथे पपायरस, म्हणजे त्या काळचा लव्हाळ्याचा कागद, फाटला आहे. कंसात अक्षरं असली तर ती संपादकाने अंदाजाने भरली आहेत. अक्षराखाली टिंब असलं तर ते अक्षर अस्पष्ट आहे, वाचन पक्कं नाही. क्रमांक संपादकाने दिलेले असतात, त्यामुळे दोन आवृत्त्यांत ते जुळत नाहीत असंही होतं. भाषांतर निवडताना एवढं बघा: भाषांतरकाराने कंस दाखवले आहेत, की गुळगुळीत करून टाकले आहेत? दाखवलेले असतील ते वर्गासाठी घ्या.

सॅफोची पुस्तकं जाळली गेली, हे खरं का?

धर्मगुरूंनी ती जाळल्याच्या कथा पुष्कळ आहेत, पण त्या घटनेनंतर कित्येक शतकांनी लिहिलेल्या. भरवशाचं कारण साधं आहे आणि मला ते जास्त दुःखद वाटतं. अलेक्झांड्रियात सॅफोच्या नऊ गुंडाळ्या होत्या. पहिल्या गुंडाळीत १३२० ओळी होत्या, हे एका पपायरसच्या शेवटी लिहिलेल्या आकड्यावरून कळतं. पुढे गुंडाळ्या जाऊन बांधीव पुस्तकं आली, तेव्हा जे पुन्हा नकलून घेतलं गेलं ते टिकलं. शाळेत शिकवायचं ते अथेन्सच्या बोलीतलं वाङ्मय. सॅफोची इओलिक बोली विद्यार्थ्यांना जड जाई. नकलणारे हळूहळू थांबले. म्हणजे अभ्यासक्रमातून बाहेर पडणं हेच तिच्या नष्ट होण्याचं मोठं कारण, आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समित्यांवर बसणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं.

जे उरलं ते दोन वाटांनी. एक वाट दुसऱ्यांच्या ग्रंथांतल्या उद्धरणांची: आफ्रोदितेचं सूक्त हालिकार्नाससच्या डायोनिसियसने रचनेचा नमुना म्हणून अख्खं उतरून घेतलं, म्हणून ते पूर्ण मिळालं. ‘तो मला देवांसारखा भासतो’ ही एकतीस क्रमांकाची कविता लाँगायनसच्या नावावर असलेल्या ग्रंथाने वाचवली. ती ‘पण सगळं सोसायलाच हवं, कारण गरिबालाही…’ इथे तुटते. दुसरी वाट इजिप्तच्या वाळूची. ऑक्सिरिंकस गावाच्या उकिरड्यांत ग्रेनफेल आणि हंट यांनी १८९६-९७ च्या हिवाळ्यापासून खणायला सुरुवात केली आणि हजारो पपायरसांचे तुकडे बाहेर काढले. वर दिलेली सोळा क्रमांकाची कविता तिथलीच.

वृत्त शिकवावं का? मुलं कंटाळत नाहीत का?

मराठी वर्गात वृत्त न शिकवणं म्हणजे हातातलं सर्वांत चांगलं हत्यार खाली ठेवणं. इंग्रजीत वाढलेल्या विद्यार्थ्याला ग्रीक वृत्त परकं वाटतं, कारण त्याच्या कवितेचा डोलारा आघातावर उभा असतो. ग्रीक वृत्त उभं असतं लघु-गुरूवर. दीर्घ स्वर गुरू, जोडव्यंजनापूर्वीचं अक्षर गुरू; य-मा-ता-रा-ज-भा-न-स-ल-गा येणाऱ्याला यात नवीन काही नाही. एवढंच सांगावं लागतं की ग्रीकमध्ये जोडव्यंजनाचा नियम शब्दाची सीमा ओलांडूनही लागू होतो.

सॅफोचं वृत्त चार ओळींचं. पहिल्या तीन ओळी अकरा अक्षरांच्या, चौथी पाच अक्षरांची. लांब ओळीचा साचा असा:

गा ल गा गा गा ल ल गा ल गा गा

चौथं अक्षर लघु असलं तरी चालतं. आफ्रोदितेच्या सूक्ताच्या पहिल्या ओळीत ते लघुच आहे. ओळीचं शेवटचं अक्षर कसंही चालतं. गण पाडले तर र, त, ज आणि दोन गुरू. आता याच्या शेजारी इंद्रवज्रा लिहा: त, त, ज आणि दोन गुरू.

गा गा ल गा गा ल ल गा ल गा गा

दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून मुलांना फरक शोधायला सांगा. दुसरं आणि तिसरं अक्षर तेवढं उलटसुलट आहे. पुढची आठच्या आठ अक्षरं जुळतात. वर्गात याहून जास्त शांतता मी क्वचित अनुभवली आहे. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९२३ साली ग्रीक आणि वैदिक छंदांचं मूळ एक असल्याचं मांडलं. इंद्रवज्रा ज्यातून आला तो अकरा अक्षरांचा त्रिष्टुभ् त्यांच्या मांडणीत महत्त्वाचा आहे. सगळे अभ्यासक हे जसंच्या तसं मान्य करत नाहीत, हेही सांगावं. एका साम्यावरून ‘सगळं आपल्याकडूनच गेलं’ असा निष्कर्ष काढायला वर्ग टपलेला असतो. तिथे ठामपणे थांबवा.

मग मुलांना त्या वृत्तात मराठी ओळी रचायला लावा. चंद्र मावळला, मध्यरात्र झाली, मी एकटी निजले आहे, अशा अर्थाच्या चार प्रसिद्ध ग्रीक ओळी आहेत. त्या सॅफोच्याच का यावर वाद आहे आणि त्यांचं मूळ वृत्तही वेगळं आहे. पण सरावाला विषय म्हणून छान:

चंद्रही गेला उतरून खाली,
मध्यरात्रीची घटिका निघाली,
एकटी पाहे गगनात वाटा;
झोप न लागे.

शेवटची ओळ गा-ल-ल-गा-गा. ताल धरून मोठ्याने म्हणा. तीन लांब ओळींनंतर ती आखूड ओळ कशी खाली टेकते, हे समजावून सांगायची गरज उरत नाही. मुलांच्या ओळी ओबडधोबड येतील, येऊ द्या. मात्रा मोजायला बोटं लावलेला विद्यार्थी पुढच्या वेळी भाषांतर वाचताना ‘इथे मूळचं काय गेलं?’ हा प्रश्न आपणहून विचारतो.

मूळ चाली उरल्या आहेत का?

सॅफो, अल्कायस, पिंडार यांच्या नाहीत. लायर आणि बार्बितोस ही तंतुवाद्यं आणि अवलोस हे फुंकून वाजवायचं वाद्य, ही वाद्यं चित्रांतून आणि अवशेषांतून माहीत आहेत. पिंडारच्या रचना समूहाने नाचत गायल्या जात, पण सूर गेले. स्वरलिपीसह पूर्ण मिळालेलं सर्वांत जुनं ग्रीक गीत बऱ्याच नंतरचं आहे: सेइकिलोसचा शिलालेख, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. आजच्या तुर्कस्तानातल्या आयदिनजवळ तो सापडला आणि सध्या कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ‘जगतोस तोवर झळक, मुळीच दुःख करू नकोस, आयुष्य थोडं आहे, काळ आपलं देणं मागतो.’ त्याची गायनं इंटरनेटवर सहज मिळतात. ऐकवा, पण ही सॅफोची चाल नव्हे हे स्पष्ट सांगून.

कवितेतला ‘मी’ म्हणजे कवीच का?

विद्यार्थी असं धरूनच चालतात, आणि पाठ्यपुस्तकं त्यांना खतपाणी घालतात. एक उदाहरण पुरतं. आर्किलोकसची एक कविता ‘सोन्याने मढलेल्या गायगेसच्या दौलतीशी मला कर्तव्य नाही’ अशी सुरू होते. गायगेस हा लिडियाचा श्रीमंत राजा. वाचून वाटतं, वा, कवी किती निरिच्छ! पण अ‍ॅरिस्टॉटल ‘ऱ्हेटरिक’मध्ये जाता जाता सांगतो की हे शब्द कवीने खॅरॉन नावाच्या सुताराच्या तोंडी घातले आहेत. ती एक ओळ आपल्यापर्यंत आली नसती तर सुताराचं मत आपण आज आर्किलोकसचं चरित्र म्हणून शिकवत असतो. तिथेच तो दुसरं उदाहरण देतो: ‘आता कशाचंच नवल नाही, झ्यूसने भर दुपारी रात्र केली’ या ओळी एक बाप आपल्या मुलीविषयी बोलतो आहे. त्यातलं ग्रहण बहुधा इ.स.पू. ६४८ च्या ६ एप्रिलचं, म्हणून कवीचा काळ ठरवायला ती कविता उपयोगी पडते. काळ मिळाला, चरित्र मिळालं नाही. चरित्राची तासिका म्हणूनच सर्वांत शेवटी ठेवावी.

सॅफोचं स्त्रियांवरचं प्रेम वर्गात कसं मांडायचं?

सरळ. आडपडदा ठेवला की मुलं खुसखुसतात, सरळ सांगितलं की ऐकतात. आफ्रोदितेच्या सूक्तात देवी सॅफोला वचन देते: ती आज पळते आहे, लवकरच पाठलाग करील, नको म्हणत असली तरी प्रेम करील. प्रेमाचा विषय स्त्री आहे हे तिथल्या एका स्त्रीलिंगी धातुसाधितावरून कळतं. मराठी भाषांतरात लिंग लपवता येतच नाही, त्यामुळे भाषांतरकाराला भूमिका घ्यावीच लागते.

तीन गोष्टी टाळाव्यात. आजची लेबलं जशीच्या तशी तिला चिकटवू नयेत. तिच्या समाजात या भावनांची चौकट काय होती याचं चित्र आपल्याकडे अपुरं आहे. दुसरं, ती मुलींची शाळा चालवणारी ‘बाई’ होती ही एकोणिसाव्या शतकातली सोवळी कल्पना वस्तुस्थिती म्हणून सांगू नये. तिसरं, फाओन नावाच्या नावाड्यापायी तिने ल्यूकासच्या कड्यावरून उडी मारली ही नंतर रचलेली दंतकथा आहे, ती तशीच सांगावी. आणि वर्गात एखादी विद्यार्थिनी किंवा विद्यार्थी असा असतो, ज्याला या कवितेत प्रथमच स्वतःचं काही ऐकू येतं. तुमच्या बोलण्याचा सूर त्याच्यासाठी फार महत्त्वाचा असतो.

अल्कायसचं काय?

सॅफोच्याच गावचा, त्याच काळचा, आणि त्याची उपेक्षा होते. लेस्बॉसवरच्या मितिलीनी नगरातली सत्तेची भांडणं, हद्दपारी, तिथला सत्ताधीश पित्ताकस याला दिलेल्या शिव्या आणि मद्य हे त्याचे विषय. वादळात सापडलेल्या जहाजाची कविता घ्या. नगराच्या अवस्थेचं रूपक म्हणून ती प्राचीन काळीच वाचली गेली. राजकारणात रस असलेल्या मुलांना तो सॅफोपेक्षा जवळचा वाटतो.

पिंडार फार अवघड. वगळला तर?

अख्खा पिंडार पदवीच्या वर्गाला झेपणार नाही, पण वगळू नका. त्याची सतरा पुस्तकं होती, त्यांपैकी चार विजयगीतांची जवळजवळ पूर्ण टिकली. नेहमी सिराक्यूजच्या हिएरॉनसाठी रचलेलं पहिलं ऑलिंपिक गीत लावलं जातं. मी आठवं पिथियन, म्हणजे डेल्फीच्या खेळांतल्या विजयाचं गीत, निवडतो: इ.स.पू. ४४६, कुस्तीत जिंकलेला आयगिना बेटाचा अरिस्तोमेनीस. विजयाच्या गीतात पिंडार अचानक हरलेल्यांकडे वळतो. त्यांच्या आयांनी त्यांना हसून जवळ घेतलं नाही. शत्रूंच्या नजरा चुकवत ते गल्लीबोळांतून घरी गेले. हे गीत विजेत्याच्या घरी, त्याच्याच पैशाने गायलं जात होतं, याची मुलांना आठवण द्या. मग शेवटच्या कडव्यातल्या ओळी येतात:

एका दिवसाचे आपण. कुणी असणं म्हणजे काय, नसणं म्हणजे काय?
सावलीचं स्वप्न, माणूस. पण देवाने दिलेला उजेड आला
की लख्ख प्रकाश पडतो माणसांवर, आणि आयुष्य मधासारखं होतं.

बऱ्याच पुस्तकांत ‘सावलीचं स्वप्न’ इथेच उद्धरण थांबतं. ‘पण’च्या पुढचं म्हटल्याशिवाय थांबू नका, कुस्ती जिंकलेल्या पोराचं गाणं आहे ते.

गीत पाच त्रिकांचं आहे: दोन कडवी एकाच चालीची, तिसरं वेगळं. वर्गाचे दोन गट करून पहिली दोन कडवी आळीपाळीने वाचून घेतली की रचना कानांना कळते.

कविता ओळींत कशा तोडल्या आहेत, हे कुणी ठरवलं?

बऱ्याच अंशी अलेक्झांड्रियाच्या संपादकांनी. विशेषतः बायझँटियमच्या अ‍ॅरिस्टोफेनीसचं नाव घेतलं जातं. त्याआधी समूहगीतं गद्यासारखी सलग लिहीत. याचा सुंदर उपयोग करता येतो. सिमोनिदीसची दानाए-कविता आहे: पेटीत घालून समुद्रात सोडलेली आई तान्ह्या पर्सियसला म्हणते, ‘झोप बाळा, झोपू दे समुद्राला, झोपू दे या अमाप संकटाला.’ डायोनिसियसने ती मुद्दाम गद्यासारखी उतरवली आणि वाचकाला ओळी ओळखून दाखवायचं आव्हान दिलं. मुलांना मराठी भाषांतर सलग द्या आणि ओळी पाडायला सांगा. अंगाई ऐकत वाढलेली मुलं ‘झोप’ या शब्दापाशी बरोबर थांबतात.

अजून नवीन कविता सापडतात का?

हो. १९७४ साली कोलोनच्या पपायरसावरची आर्किलोकसची एक मोठी रचना प्रसिद्ध झाली. २००४ साली तिथल्याच संग्रहातल्या पपायरसावरून सॅफोची म्हातारपणावरची कविता जवळजवळ पूर्ण झाली: गुडघे साथ देत नाहीत, केस पांढरे झाले, आणि तिथोनसला मरण नव्हतं पण वार्धक्य चुकलं नाही. २०१४ साली सॅफोच्या भावांविषयीची कविता जाहीर झाली तेव्हा मोठा गाजावाजा झाला. पण पपायरस कुठून आला याचा दिलेला खुलासा टिकला नाही, आणि त्यावरचा एक लेख प्रकाशकाने २०२१ मध्ये मागे घेतला. पदव्युत्तर वर्गात हे जरूर चर्चेला घ्या. चोरीच्या वाटेने आलेली असू शकेल अशी कविता आपण वाचावी का, कशी वाचावी, याचं तयार उत्तर माझ्याकडे नाही. कविता मात्र मी वाचतो आणि तिच्या वाटेची हकिकतही सांगतो.

परीक्षेत काय विचारावं?

‘सॅफोच्या कवितेची वैशिष्ट्ये लिहा’ हे नको. त्याचं उत्तर गाइडात असतं. वर्गात न वाचलेला चार-पाच ओळींचा तुकडा द्या आणि तीन गोष्टी विचारा: यात निश्चित काय आहे, काय गृहीत धरावं लागतं, प्रसंग कोणता असू शकेल. अंतर्गत मूल्यमापनाला तोंडी म्हणून दाखवण्याचे गुण ठेवा.

एकच तासिका मिळाली तर?

ढाल आणि सफरचंद. आधी ऐकवा, मग फळ्यावर लिहा. सनावळ्या, नऊ कवींची यादी, चरित्रं एका पानावर छापून घरी द्या.

विद्यार्थ्याला ग्रीक शिकावंसं वाटलं तर कुठून सुरुवात करावी?

चोवीस अक्षरं आठवड्याभरात होतात. मग अथेन्सच्या बोलीचं कुठलंही प्राथमिक व्याकरण. सॅफोची बोली नंतर. संस्कृत झालेल्याला द्विवचन, विभक्ती, आत्मनेपदासारखे प्रयोग ओळखीचे वाटतात आणि वेग चांगला येतो. पर्सियस डिजिटल लायब्ररीत मूळ ग्रीक ग्रंथ आणि कोश विनामूल्य वाचता येतात. ग्रीक शब्दावर टिचकी मारली की त्याचं व्याकरण समोर येतं. सहा महिने नेटाने केलं तर सफरचंदाच्या तीन ओळी कोशाच्या आधाराने स्वतः लावता येतात.